नवा माणूस जेवायला कुठे बसतो

आमच्या ख्रिस्ती लोकांच्या उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायला भरणाऱ्या सभेत, एक प्रश्न हमखास येतो. संदेश संपत आलेला असतो, पेटीवाला हलक्या हातानं एखादं संथ गीत धरून ठेवतो आणि वक्ते माइकवरून विचारतात, “तुमचा नवा जन्म कधी झाला? तारीख सांगता येईल?” हात वर होतात. कोणी वर्ष सांगतं, कोणी महिना. एखादे काका तर वेळसुद्धा सांगतात, संध्याकाळी साडेसात, दारू सोडली तो दिवस. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. दारू सुटली ती तारीख लक्षात ठेवण्यासारखीच असते, आणि काका विसरले तरी काकू विसरत नाहीत.

माझ्याकडे अशी तारीख नाही. मी जन्मानं ख्रिस्ती. पाळण्यातून उचलून बाप्तिस्मा दिला, मग संडेस्कूल, नाताळच्या नाटकात दरवर्षी मेंढपाळ (गाब्रिएल व्हायला उंची लागायची), शाळा संपता संपता दृढीकरण, पहिल्या प्रभुभोजनाला नवी साडी. सगळं वेळच्या वेळी झालं. बायबलात प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहितो की जुना माणूस त्याच्या करणीसकट काढून टाका आणि नवा माणूस अंगावर घ्या. आमच्यासारख्या चौथ्या पिढीला इथे जरा अडखळायला होतं. काढून टाकायचा तो जुना माणूस आमच्या अंगावर होता कधी? तो तर पणजीनं केव्हाच उतरवून ठेवला. आम्हाला घरात आयताच नवा मिळाला, थोडा वापरलेला.

या पणजीचा एक पितळी तांब्या आमच्याकडे आहे. काठाच्या खाली, ठिपक्याठिपक्यांनी ठोकून, नाव घातलंय: धोंडाबाई. हे तिचं बाप्तिस्म्याआधीचं नाव. बाप्तिस्म्यात ती कृपाबाई झाली, पण तांब्यावरचं नाव कोणी घासून काढलं नाही आणि नवं ठोकूनही घेतलं नाही. बहुधा त्या कामाला पैसे पडले असते. पणजी नेवाशाकडची, महारवाड्यातली. आजी सांगायची, गावात असताना पणजीनं कधी विहिरीत पोहरा सोडला नव्हता. घागर लांब ठेवायची आणि वरच्या आळीतल्या कोणाला तरी दया येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. मग पणजीचं कुटुंब मिशनच्या आवारात राहायला आलं. तिथे आड होता. पहिल्या दिवशी पणजीनं स्वतःच्या हातानं पोहरा सोडला, घागर भरली, हंडा भरला, शेजारणीचा रांजण भरला, आणि तरी ती पाणी ओढतच राहिली. शेवटी पाळकीणबाई, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंची बायको, येऊन म्हणाल्या, “अगं, पुरे की आता.” आजी ही गोष्ट सांगताना हसायची. मीही लहानपणी हसत असे.

हे मी अशासाठी सांगतेय की नव्या माणसाविषयी आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, जे बोललं जातं, ते फार मनाच्या आतलं असतं. हृदय बदललं, शांती मिळाली, ओझं उतरलं. त्यात खोटं काहीच नाही. पण महाराष्ट्रातली ख्रिस्ती चरित्रं वाचायला घेतली की ध्यानात येतं, इथे नव्या माणसाची परीक्षा देवळात कमी आणि पाण्याच्या भांड्याशी, ताटापाशी जास्त झाली. बदललेलं हृदय कोणाला दिसणार? कोणाच्या शेजारी पाट मांडला, ते मात्र सगळ्या गल्लीला दिसतं.

तारखांच्या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचा मोठा आधार वाटतो. त्यांच्याकडे तारीख होती आणि पक्की होती: 29 सप्टेंबर 1883, इंग्लंडमधलं वाँटेज, सोबत त्यांची लहानगी मुलगी मनोरमा. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, पंचविशीतली विधवा तिकडे जाऊन ख्रिस्ती झाली म्हटल्यावर इकडे काय गहजब झाला असेल ते सांगायला नको. पण याच बाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहिली, त्यात स्वच्छ सांगून टाकलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. त्या आठ वर्षांत त्या अमेरिका फिरून आल्या होत्या, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढून पुढे ते पुण्याला नेलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आणखी काय नवं व्हायचं राहिलंय? आणि त्या म्हणतात, मुख्यच राहिलं होतं.

वाँटेजच्या मठातल्या भगिनींना रमाबाईंचा आणखी एक ताप होता. ही बाई मांस-मच्छी खाईना. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तीही तिला नकोत. लॅटिन ना मला येतं ना माझ्या देशातल्या लोकांना, संस्कृत अक्षरं चालतील, म्हणाली. सिस्टर जेरल्डीनना यात जातीचा ताठा दिसला. पत्रांमधून दोघींची चांगलीच जुंपली आहे. त्या पत्रांत मी मनापासून रमाबाईंच्या बाजूनं आहे. नवा माणूस म्हणजे काटा-सुरीनं जेवणारा माणूस, अशी समजूत तेव्हाच्या कित्येक मिशनऱ्यांची होती, आणि आपल्याही काही लोकांनी ती हौसेनं उचलली. आमच्या नात्यातल्या एका आजोबांनी बाप्तिस्म्यानंतर धोतर सोडलं, पाटलोण घातली आणि उभ्या आयुष्यात पुन्हा मांडी घालून जेवले नाहीत. बाकी त्यांच्यात काय बदललं ते त्यांच्या सुनांना विचारावं.

रमाबाईंनी ताटात काय असावं याचा हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही. ताटाशेजारी कोण असावं, ही गोष्ट मात्र बदलत गेली. शारदा सदनात वरच्या जातीच्या विधवा यायच्या आणि त्यांना आपापले जातीचे नियम पाळायची मुभा होती. त्याशिवाय कोणी मुलगी पाठवलीच नसती. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. दुष्काळानं जात विचारून पोरींना उपाशी ठेवलं नव्हतं, त्यांनीही विचारली नाही. केडगावच्या माळावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली ती अशी. पुढे 1900 च्या दुष्काळानं आणखी भर पडली. एवढ्या पोटांना शिजवायचं तर चुली वेगळ्या मांडायला सवड कोणाला?

1905 मध्ये मुक्तीत उज्जीवन झालं, त्याच्या कथा आमच्याकडे अजून सांगितल्या जातात. वेल्समधल्या उज्जीवनाच्या बातम्या आल्या, मुली टोळ्याटोळ्यांनी प्रार्थनेला बसू लागल्या, आणि जून महिन्यात जणू बांध फुटला. रडणं, पापकबुली, शेकडो मुलींची एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना. आमचे वक्ते ही गोष्ट इथवर आणून सोडतात, कारण इथून पुढे अंगावर काटा येण्यासारखं काही नाही. मला पुढचाच भाग आवडतो. मुक्तीत हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शेती होती, छापखाना होता. उज्जीवनानंतरच्या सकाळीही दळण होतंच. रमाबाई उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं बायबल सोप्या मराठीत आणत बसल्या होत्या, खेड्यातल्या बाईला वाचून कळावं म्हणून. ते काम पुरं करून 1922 मध्ये त्या गेल्या. पुस्तक 1924 साली बाहेर पडलं, मुक्तीतच छापलेलं, तिथल्या बायकांच्या हातून. ज्या पोरीला गावात सावली पडू न देता चालावं लागलं असेल, तिच्या बोटांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळवले. उज्जीवन कुठवर पोचलं असं मला कोणी विचारलं तर मी या शाईच्या बोटांकडे बोट दाखवीन.

आता लक्ष्मीबाई टिळक, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी. त्यांच्याबद्दल लिहायला लागलं की माझा हात आवरत नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला, 10 फेब्रुवारी 1895 ला. त्याआधी दोनेक वर्षं, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला होता आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं होतं. कवी माणूस, मनात आलं की निघाला. पण ज्या बाईचं त्यांच्याशी लग्न झालं होतं तिचं काय? ती नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. वडिलांचं सोवळं असं की घरात येणारी प्रत्येक वस्तू पाण्यातून निघाल्याशिवाय त्यांना चालत नसे. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राची सुरुवातीची पानं वाचताना आपण हसतो, पण त्या घरात वाढणाऱ्या पोरीच्या हातांना ते पाणी रोज लागत होतं. विटाळ ही तिच्यासाठी कल्पना नव्हतीच, कातडीचा भाग होता.

नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं ही बाई नातेवाइकांकडे राहिली, डोकं फिरायची पाळी आली, आणि अखेर नगरला नवऱ्याजवळ आली ती आपलं सोवळं, आपली चूल सांभाळून. टिळकांनी सक्ती केली नाही. ही गोष्ट मी टिळकांच्या कवितांइतकीच मोलाची मानते. ज्या माणसानं स्वतः एका झटक्यात सगळं सोडलं, त्याला दुसऱ्याच्या संथ पावलांची वाट पाहणं किती जड गेलं असेल.

आणि मग, महाबळेश्वराकडे मुक्काम असताना, लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत बसल्या. जाती देवानं केल्या की माणसांनी? देवानं केल्या असत्या तर गाय आणि घोडा जसे वेगळे दिसतात तशी माणसंही वेगळी दिसली असती. बास, एवढंच. कुठलं प्रवचन नाही, पेटीवर गीत नाही, हात वर करणं नाही. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. ख्रिस्तावरचा विश्वास, बाप्तिस्मा, हे सगळं त्यानंतर. बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. म्हणजे डोक्यावर पाणी पडायच्या आधी ते घशाखाली उतरलं होतं.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, आणि आमच्या काही पाळकांना तो अडचणीचा वाटतो. एकदा अभ्यासवर्गात मी हे बोलले तर एक तरुण पाळक म्हणाले, “ताई, तारण विश्वासानं होतं, कर्मांनी नाही.” बरोबर आहे त्यांचं. पण लक्ष्मीबाईंनी पाण्याचा पेला उचलला ते पुण्य जोडायला नव्हे. त्यांच्या बोटांतून काहीतरी सुटलं होतं, आणि ते कोणी सोडवलं याचं नाव त्यांना पुढे कळलं, एवढाच मी त्याचा अर्थ लावते. 1868 मध्ये पुण्यात जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. या दोहोंच्या मधे एक चित्पावन बाई कोणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाली, हे मला आमच्या मंडळीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं उज्जीवन वाटतं. त्याला साक्षीदार एकही नव्हता, त्यामुळे त्याची कुठे नोंद नाही. तिनं स्वतः लिहिलं नसतं तर आपल्याला पत्ताही लागला नसता.

इथेच पणजीचा तांब्या मला अडवतो. लक्ष्मीबाईंचं नवं होणं म्हणजे पाणी घेणं, आणि पणजीचं नवं होणं म्हणजे पाणी ओढणं. एकीला उतरून खाली यायचं होतं, दुसरीला ताठ उभं राहायचं होतं. आमच्या उपदेशांत मात्र दोघींना एकच औषध: नम्र व्हा, स्वतःला रिकामं करा, मी-पणा मारा. टिळकांसारख्यांना हे औषध लागू पडलं असेल. पणजीला कोणी नम्र व्हायला सांगावं? ती तर जन्मापासून वाकलेलीच होती. लूकच्या शुभवर्तमानात एक बाई आहे, अठरा वर्षं कुबडी, तिला मुळीच सरळ उभं राहता येत नव्हतं. येशू तिला शब्बाथाच्या दिवशी, भर सभास्थानात, सरळ करतो आणि तिला अब्राहामाची कन्या म्हणतो. पापक्षमेचा उल्लेखसुद्धा नाही त्या गोष्टीत. पाठीचा कणा आणि कुळाचं नाव, दोनच गोष्टी तिला मिळाल्या. पाळकीणबाई “पुरे की आता” म्हणाल्या तेव्हा पणजीची पाठ सरळ होत होती, आणि तिला ते पुरे वाटत नव्हतं. आता मला त्या गोष्टीचं हसू येत नाही.

एवढं वाचून कोणाला वाटेल की आमच्या मंडळ्यांतून जात गेली. थांबा जरा.

ख्रिस्ती वधूवरांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. माहितीत सगळं असतं: उंची, पगार, मंडळीचं नाव, ‘नवीन जन्म झालेली मुलगी हवी’. मग फोन होतो. आधी हवापाणी, मग “मूळचे कुठले तुम्ही?” आपण म्हणावं, नगरकडचे. थोडा वेळ जातो. मग आवाज खाली येतो, “नाही, तसं काही नाही हो आमच्यात. पण आधीचे कोण?” हा ‘आधीचे कोण’ मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो येण्याआधीचा श्वाससुद्धा मला ओळखू येतो. काही घरांत उलटा प्रकार. दिवाणखान्यात चहा येतो आणि चहाबरोबर ही माहिती येते की आमचे पणजोबा देशस्थ ब्राह्मण होते बरं का. प्रभूसाठी सगळं सोडलं म्हणे त्यांनी. सोडलं असेल, पण नातवंडांनी ते जपून ठेवलंय की. आणि आमच्यातही, ज्यांचे पूर्वज महारवाड्यातले आणि ज्यांचे मांगवाड्यातले, त्यांच्यात सोयरीक जुळवताना कपाळाला आठ्या पडतातच. एकाच रविवारी, एकाच बाकावर बसून, एकच ‘उपासना संगीत’ हातात धरून.

यात सरकारही आपल्या परीनं भर घालतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. म्हणजे कागद म्हणतो, तुम्ही ख्रिस्ती झालात, तुमची जात गेली. सोयरीक म्हणते, कुठली जाते? दोन्हीकडून पणजीच्या नातवंडांचीच पंचाईत. या प्रश्नावर खरं तर वेगळं आणि लांबलचक लिहायला हवं. इथे एवढंच म्हणते की नवी ओळख ही नुसती प्रार्थनेत मागायची गोष्ट असती तर तिच्यासाठी वकील लागले नसते.

मनाला फार लागलं की मी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढते. तिथे एक भांडण आहे, आणि तेही जेवणावरूनच. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र विदेश्यांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. तो काही नवखा नव्हता. पेंटेकॉस्टच्या दिवशी उभं राहून उपदेश करणारा तोच. यापोत गच्चीवर प्रार्थना करताना आकाशातून उतरणारी, यहूद्यांना निषिद्ध प्राण्यांनी भरलेली चादर पाहिलेलाही तोच, आणि मग कर्नेल्य या विदेशी माणसाच्या घरी जाऊन, देव पक्षपाती नाही हे मला कळलं, असं सांगणाराही तोच. एवढं सगळं होऊन, याकोबाकडची काही मंडळी यरुशलेमेहून आली मात्र, पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. लोक काय म्हणतील! बाकीचे यहूदी त्याच्यामागून उठले, भला माणूस बर्णबासुद्धा उठला. तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं.

मला या गोष्टीत पौलापेक्षा पेत्राचं उठणं जास्त दिसतं. कसा उठला असेल? काहीतरी निमित्त काढलं असेल, पाणी प्यायला म्हणून, कोणाला तरी भेटायचंय म्हणून. ‘मी आता तुमच्याबरोबर जेवणार नाही’ असं त्यानं जाहीर थोडंच केलं असणार. आणि ज्यांच्या शेजारून तो उठला त्यांना ताबडतोब कळलं असणार. उठून गेलेल्याची रिकामी जागा ज्याला पाहावी लागते त्याला कारण विचारायची गरज पडत नाही. पवित्र आत्म्यानं भरलेला, दृष्टांत पाहिलेला, तारीख आणि वेळ दोन्ही सांगू शकणारा प्रेषित एका जेवणात जुना होऊ शकतो, तर आमचं काय? “जर कोणी ख्रिस्ताच्या ठायी असेल तर तो नवी उत्पत्ती आहे” ही ओळ आमच्या अर्ध्याअधिक घरांत चौकटीत लावलेली असते. ती मला खरी वाटते. पण तिच्याशेजारी अंत्युखियातल्या त्या पंगतीचंही एखादं चित्र असतं तर बरं झालं असतं.

शेवटच्या वर्षांत टिळकांनाही मिशनची चौकट पुरेना. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य येऊ शकत होते. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या माणसानं तो पूल मागे जाळून टाकला नाही, हे फार बरं केलं. 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचं काव्य अर्धवट राहिलं ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्या लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या होत्या. आमच्या भजनी मंडळात टिळकांचं पद लागलं की टाळ आपोआप वेग घेतात. इंग्रजी चालीच्या गीतांना उभं राहून गाणारे आमचे वडीलधारे त्या वेळी मान डोलवायला लागतात, आणि तेवढी पाच मिनिटं कोण आधीचे कोण हे कोणाच्या लक्षात राहत नसावं.

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. तिच्याही वेळी फोन आला होता. मुलाची आई बोलत होती, स्वभावानं गोड बाई, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. फोन स्पीकरवर होता. मूळचे कुठले वगैरे झालं आणि मग तो ओळखीचा श्वास. “तसं नाही हो, पण आधीचे कोण?” माझा भाऊ घसा खाकरू लागला. भाची शेजारी बसून वाटाणे सोलत होती, ती वाटाणे सोलता सोलताच म्हणाली, “आधीचे आम्ही पापी होतो, काकू. आता तारण झालंय.” पलीकडे काही क्षण काहीच आवाज नाही. मग ती बाई अशी खळखळून हसली की भावानं स्पीकरचा आवाज कमी केला. पुढच्या रविवारी ते लोक चहाला आले. प्रश्न पुन्हा निघाला नाही. मनातून गेला की नुसता तोंडातून, ते मला सांगता येत नाही, आणि भाचीही म्हणते, “आत्या, ते आपण नांदायला गेल्यावर बघू.”

आमच्या मंडळीत पुनरुत्थानाच्या रविवारी प्रीतिभोजन असतं. पूर्वी पंगती बसत, शाळेच्या पटांगणात, लांबच लांब पट्ट्या अंथरून. मग केटरर आला, बुफे आला, आणि जो तो आपापल्या नात्यागोत्याच्या घोळक्यात ताट घेऊन उभा राहू लागला. कोविडनंतर तर डबे. डबा घ्यायचा, जय ख्रिस्त म्हणायचं, घरी जायचं. यंदाच्या वार्षिक सभेत मी उठून म्हटलं की पंगत पुन्हा सुरू करू या, आणि कोण कोणाच्या शेजारी बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवू या. बराच वेळ चर्चा झाली. गुडघेदुखीचा मुद्दा आला; वृद्धांना खाली बसवणार कसं? मी म्हटलं, टेबल-खुर्च्या लावा, पण चिठ्ठ्या ठेवा. एक जण म्हणाले, “कुटुंबानं एकत्र जेवायला नको का सणाला?” दुसरे म्हणाले, “रोज जेवतातच की.” सचिवांनी इतिवृत्तात काय लिहायचं ते दोनदा विचारून घेतलं. चिठ्ठ्यांचा ठराव दोन मतांनी पास झाला.

आता अडलंय ते टेबलांच्या भाड्यावर. मंडपवाल्याचा दर आला की कळवतो, असं खजिनदार म्हणालेत. वाढप्यांच्या यादीत मी नाव दिलंय. भाचीनंही दिलंय, आणि होणाऱ्या सासूबाईंचं नाव त्यांना न विचारताच खाली लिहून टाकलंय, आमटीच्या बादलीपुढे.